पशुवैद्य डॉ. डॅनियल एल्मर सॅल्मन

जंतुशास्त्राचा विषय निघाला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या मुखी पाश्चर व कॉख ही दोन नावे आपोआप येतात. सॅल्मन हे नाव त्यांच्या जोडीने घेताना आम्ही कोणास ऐकले नाही. आणि तरीही जगातील लहानमोठ्या इस्पितळांतून ह्याच नावाचा उच्चार प्रत्यही होत असतो. दूषित मांस, अंडी अथवा दूध पोटात जाऊन ज्वर, ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले म्हणजे वैद्यांस ज्या जंतूंचा संशय येतो, त्यांतील एका मोठ्या कुळास साल्मोनेला म्हणतात. आपल्या देशात ज्याने असंख्य घरांस शोक दिला, तो विषमज्वराचा जंतुही ह्याच कुळातील होय. सॅल्मन नावाचा एक मासा आहे. त्याच्या पोटात हा जंतु प्रथम सापडला व त्यावरून हे नाव पडले, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. तो चुकीचा आहे. हे नाव एका मनुष्याचे आहे. हा मनुष्य अमेरिकेतील एक पशुवैद्य होता, आणि रोगट जनावरांच्या मांसापासून लोकांचे रक्षण व्हावे ह्या उद्योगात त्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली. रक्षण करणाऱ्याचे नाव रोगाच्या जंतूस चिकटावे, हा योग विलक्षण खरा. तो कसा जुळून आला, आणि त्या जंतूचा माग काढण्याची विद्या आज कोठवर येऊन पोहोचली आहे, हे आमच्या वाचकांस सांगावे असे मनात आहे.

ज्यांच्या घरी मांस शिजत नाही असे आमचे पुष्कळ वाचक आहेत. त्यांनी हा लेख आपला नव्हे म्हणून पान उलटू नये. ह्या कुळाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत, आणि एखादा प्रकार ज्या गावी प्रथम सापडला त्या गावाचे नाव त्यास द्यावे, असा प्रघात बहुत वर्षे चालत आला. त्यांतील एका प्रकाराचे नाव पूना असे आहे! इ.स. २०१५ मध्ये ह्याच पूना जंतूमुळे अमेरिकेत नऊशेंहून अधिक माणसे आजारी पडली, आणि ती मांस खाऊन नव्हे, तर काकड्या खाऊन. पुणेकरांनी ह्यात वाईट वाटून घेऊ नये. काकड्या मेक्सिकोतून आलेल्या होत्या.

असो. आता मूळ चरित्राकडे वळू.

डॅनियल एल्मर सॅल्मन ह्यांचा जन्म २३ जुलै १८५० रोजी न्यू जर्सी संस्थानातील माउंट ऑलिव्ह ह्या खेड्यात झाला. मूल पाळण्यात आहे तोच वडील वारले. पुढे १८५९ साली आईही गेली, आणि आठनऊ वर्षांचा डॅनियल अगदी पोरका झाला. पित्याच्या भाऊबंदांपैकी एका गृहस्थाने त्यास आपल्या घरी नेऊन वाढविले. शेतावरच्या घरात गाईगुरांची सोबत लहानपणापासून लाभली. तीच पुढे आयुष्याची वाट ठरली. गावच्या शाळेत व जवळच्या विद्यालयात शिक्षण झाल्यावर १८६८ साली तो कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ त्याच वर्षी उघडले होते. म्हणजे त्याच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत डॅनियल होता. तेथे जेम्स लॉ नावाचे स्कॉटलंडकडील पशुवैद्यकाचे अध्यापक नुकतेच येऊन दाखल झाले होते. जनावरांचे वैद्यक हा विद्वानांचा विषय आहे ही कल्पनाच त्या काळी अमेरिकेत नवी होती. घोड्याची नाल ठोकणारा लोहार हाच पुष्कळ ठिकाणी त्याचा वैद्यही असे. अशा दिवसांत एका हुशार विद्यार्थ्याने वकिली अथवा धर्मोपदेश सोडून गोठ्याची वाट धरावी, ह्याला धैर्यच पाहिजे.

लॉ ह्यांच्या हाताखाली शिकून, शेवटचे काही महिने पॅरिसजवळील आल्फोर येथील प्रसिद्ध पशुवैद्यक विद्यालयात काढून, सॅल्मन १८७२ साली पदवीधर झाले. चार वर्षांनी, १८७६ मध्ये, कॉर्नेलने त्यांस पशुवैद्यकाचे डॉक्टर ही पदवी दिली. अमेरिकेत ही पदवी मिळविणारे ते पहिले गृहस्थ होत. काही काळ त्यांनी न्यूअर्क शहरी व्यवसाय केला. परंतु प्रकृति साथ देईना, म्हणून ते दक्षिणेत उत्तर कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल ह्या डोंगराळ व निरोगी हवेच्या गावी जाऊन राहिले. दक्षिणेतील गुरांच्या रोगांशी त्यांचा परिचय झाला तो येथेच, आणि सरकारचे लक्ष त्यांच्याकडे वळले तेही त्याच कामामुळे.

त्या वेळी अमेरिकेच्या गोधनावर मोठे संकट होते. १८४३ साली न्यूयॉर्कशेजारी ब्रुकलिन येथील एका गवळ्याने इंग्लंडहून आलेल्या जहाजावरची एक गाय विकत घेतली. त्या एका गाईबरोबर सांसर्गिक फुप्फुसदाह हा गुरांचा प्राणघातक रोग त्या देशात उतरला. चाळीस वर्षांत तो गोठ्यागोठ्यांतून पसरत गेला. इंग्लंडने १८७९ साली असा हुकूम काढला की, अमेरिकेतून येणारे जनावर उतरल्या बंदरातच कापले जावे, त्यास देशात पाऊल ठेवू देऊ नये. तिकडे डुकराच्या मांसात ट्रिकिना नावाचा सूक्ष्म कृमि सापडतो म्हणून इटली, जर्मनी व फ्रान्स ह्या देशांनी अमेरिकेचे ते मांस घेण्याचे बंद केले. शेतकरी व व्यापारी हवालदिल झाले. अशा वेळी, १८८३ मध्ये, सॅल्मन ह्यांस वॉशिंग्टनला बोलावणे आले, आणि १८८४ साली कायद्याने स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ अ‍ॅनिमल इंडस्ट्री ह्या पशुविषयक कचेरीचे ते पहिले मुख्याधिकारी झाले. एवढ्या अफाट देशासाठी आरंभी ह्या कचेरीस माणसे किती मिळाली? कायद्याने घातलेली मर्यादा वीस जणांची होती.

ह्या तुटपुंज्या बळावर त्यांनी कामास हात घातला. पुढे अधिकार व पैसा वाढला. रोगी जनावर शोधावे, त्याच्या कळपास क्वारंटीनमध्ये ठेवावे, मालकास योग्य मोबदला देऊन दूषित जनावरे मारून टाकावी, आणि गोठा शुद्ध करावा, अशी त्यांची रीत होती. ऐकावयास ती सोपी वाटते. पण ज्याच्या दावणीची धडधाकट दिसणारी गाय सरकारी मनुष्य येऊन घेऊन जातो, त्याचे मन वळविणे किती अवघड, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. तथापि पाचसहा वर्षांत काम फत्ते झाले, आणि सप्टेंबर १८९२ मध्ये हा रोग अमेरिकेतून समूळ नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. आमच्या मते सॅल्मन ह्यांच्या कारकीर्दीतील निर्विवाद यश म्हणावयाचे ते हेच.

दुसरे मोठे कार्य टेक्सास ज्वरासंबंधीचे. दक्षिणेतील गुरे उत्तरेत आणली की ती स्वतः निरोगी राहत, पण ज्या कुरणातून ती जात तेथली उत्तरेची गुरे पटापट मरत. हा रोग गोचिडांमुळे होतो असे गुराखी सांगत, आणि पंडित त्यांस हसत. सॅल्मन ह्यांनी प्रथम ह्या रोगाची सरहद्द नकाशावर आखून काढली. त्यांच्या कचेरीतील थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न ह्या दोघा संशोधकांनी वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्रावर एका कुंपणात गोचिडांसह व दुसऱ्यात गोचिडांवाचून गुरे ठेवून पाहिली, व १८९३ साली सिद्ध केले की गुराखीच खरे होते; गोचीड चावल्याने रोगाचा सूक्ष्म जीव एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. किड्याकीटकांच्या दंशाने असा रोग फैलावतो हे प्रथमच निर्विवाद सिद्ध झाले. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जीव पाहिला, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

हे थिओबाल्ड स्मिथ कोण, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण त्यांच्यावाचून सॅल्मन ह्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. १८८४ साली, वैद्यकाची परीक्षा नुकतीच उतरलेला हा तरुण सॅल्मन ह्यांच्या हाताखाली रुजू झाला. त्या काळी हॉग कॉलरा नावाच्या साथीने डुकरांचे कळपच्या कळप नष्ट होत होते. १८८५ मध्ये रोगी डुकरांच्या शरीरातून स्मिथ ह्यांनी एक जंतु वेगळा काढला. कचेरीच्या अहवालात हा शोध प्रसिद्ध झाला तो मुख्याधिकारी सॅल्मन ह्यांच्या नावाने. पुढे १९०० साली लिन्येर नावाच्या फ्रेंच पंडिताने ह्या जंतूच्या कुळास नाव द्यावयाचे ठरविले, तेव्हा सॅल्मन ह्यांच्या सन्मानार्थ साल्मोनेला असे नाव ठेवले. ज्याच्या डोळ्याने सूक्ष्मदर्शकातून तो जंतु पाहिला, त्याचे नाव मागे पडले. वरिष्ठाच्या नावाने अहवाल निघावा ही त्या वेळच्या कचेऱ्यांची रीतच होती असे कोणी म्हणतात. आम्हांस मात्र वाटते की, रीत असली म्हणून न्याय होतोच असे नाही. स्मिथ १८९५ साली ती कचेरी सोडून गेले व पुढे स्वतंत्रपणे मोठी कीर्ति पावले, हे समाधान आहे.

आणि गंमत पाहा, हा जंतु हॉग कॉलऱ्याचे खरे कारण नव्हताच! १९०३ साली त्याच कचेरीतील दुसऱ्या संशोधकांनी दाखविले की, जंतु अडवून धरणाऱ्या अति सूक्ष्म गाळणीतून रोगी डुकराचे रक्त गाळले तरी त्यात रोग शिल्लक उरतोच. म्हणजे खरा अपराधी विषाणु होय. स्मिथ ह्यांचा जंतु दुबळ्या झालेल्या जनावरात मागाहून शिरणारा सोबती होता. तथापि त्या जंतूवर केलेले श्रम वाया गेले नाहीत. १८८६ साली सॅल्मन व स्मिथ ह्यांनी तो जंतु उष्णतेने मारून कबुतरांस टोचला, आणि नंतर जिवंत जंतु टोचले तरी ती कबुतरे जगली असे दाखविले. तोपर्यंत पाश्चर ह्यांनी अर्धमेल्या, परंतु जिवंत जंतूंच्या लशी केल्या होत्या. पूर्ण मेलेला जंतुही शरीरास प्रतिकार शिकवू शकतो, ही गोष्ट नवी होती. मुंबईत प्लेगचा कहर माजला असता हाफकिन साहेबांनी जी लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली, तीही उष्णतेने मारलेल्या जंतूंचीच होती. योगायोगाने मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले तेही १८८६ सालीच.

आता ज्या कार्यामुळे सॅल्मन ह्यांचा संबंध प्रत्येक अमेरिकन कुटुंबाच्या पानाशी आला, त्या मांसतपासणीविषयी. कोणते मांस खावे व कोणते टाकावे ह्याचा विचार फार पुरातन आहे. मोशेच्या नियमशास्त्रात आपोआप मेलेल्या पशूचे मांस खाण्याची मनाई आहे हे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी वाचले असेल. अमेरिकेत १८९० व १८९१ ह्या दोन वर्षी कायदे होऊन परदेशी व परप्रांती जाणाऱ्या मांसाची सरकारी तपासणी सुरू झाली. जनावर कापण्यापूर्वी एकदा पाहावयाचे. कापल्यावर यकृत, फुप्फुस व मानेच्या गाठी सुरीने चिरून पाहावयाच्या. क्षयाच्या गाठी, सूज, पू, दुर्गंधी आढळल्यास ते धड बाजूस काढावयाचे. निर्दोष ठरल्यास त्यावर शिक्का मारावयाचा. परदेशी जाणाऱ्या डुकराच्या मांसाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ट्रिकिना शोधीत. ह्या कामावर पुष्कळ स्त्रिया नेमलेल्या होत्या, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८९१ सालीच जर्मनीने आपली बंदी उठविली.

पण ज्या शिक्क्याने त्यांचा बोलबाला झाला, त्याच शिक्क्याच्या छपाईपायी त्यांची खुर्ची गेली. मांसतपासणीची लेबले छापण्याचे सरकारी कंत्राट ज्याच्याकडे होते, त्या गृहस्थाशी सॅल्मन ह्यांची व्यवसायात भागीदारी होती असे उघडकीस आले. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, आणि १९०५ साली, एकवीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांस पद सोडावे लागले. चरित्रनायकाचा हा भाग झाकून ठेवावा असे आम्हांस वाटत नाही. पुढच्याच वर्षी अप्टन सिंक्लेअर ह्यांची शिकागोतील कसाईखान्यांवरची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती वाचून लोकांस किळस आली, आणि १९०६ च्या जूनमध्ये मांसतपासणीचा नवा, कडक कायदा झाला. तो अमलात येताना पाहावयास सॅल्मन वॉशिंग्टनमध्ये नव्हते. ते दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशी गेले, व माँटेव्हिडिओ येथील विद्यापीठात पशुवैद्यकाचे शिक्षण उभारण्यात त्यांनी सुमारे पाच वर्षे घालविली. परत आल्यावर ते माँटाना संस्थानातील ब्यूट ह्या खाणींच्या गावी हॉग कॉलऱ्यावरील प्रतिरक्तजल तयार करण्याच्या उद्योगात पडले. तेथेच ३० ऑगस्ट १९१४ रोजी फुप्फुसदाहाने त्यांचे देहावसान झाले. वय चौसष्ट.

एरवी आमचा लेख येथे संपता. परंतु सॅल्मन ह्यांच्या नावाची व त्यांच्या शिक्क्याची गाठ पुढे अशी काही पडली की, ती सांगितल्यावाचून चरित्र अपुरे राहील.

तपासनीसाची सुरी व डोळा ह्यांस क्षयाची गाठ दिसते, जंतु दिसत नाही. १८८८ साली जर्मनीत फ्रांकेनहाउझेन गावी जुलाब लागलेली एक गाय कापून विकली गेली. पन्नासहून अधिक माणसे आजारी पडली, आणि ते मांस कच्चेच खाल्लेला एक तरुण मेला. गेर्टनर नावाच्या वैद्याने त्या गाईच्या मांसात व त्या तरुणाच्या प्लीहेत एकच जंतु दाखविला. तो ह्याच कुळातला निघाला. ती गाय निदान आजारी तरी होती. पण कोंबडी, डुक्कर वा गाय वरून अगदी ठणठणीत असूनही तिच्या आतड्यांत हे जंतु सुखाने नांदत असतात. कापताना आतडे किंचित फाटले, अथवा पिसे काढताना विष्ठेचा लेप लागला, की मांसावर येतात. त्यांस रंग नाही, वास नाही, चव नाही. सॅल्मन ह्यांनी घालून दिलेली तपासणी पास होऊन, शिक्का घेऊन, सॅल्मन ह्यांच्याच नावाचा जंतु लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागला. अमेरिकेत हे प्रकरण न्यायालयात गेले. कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो, मग नुसता तपासून पास असा शिक्का मारून लोकांची दिशाभूल का करता, असा दावा होता. १९७४ साली निकाल लागला तो शिक्क्याच्या बाजूने. मांस नीट शिजविले पाहिजे हे गृहिणींस कळतेच, असा न्यायाधीशांचा एकंदर आशय होता. गृहिणींस कळते हे खरे. पण कच्ची कोंबडी चिरलेल्या पाटावरच कोशिंबिरीची काकडी चिरली, तर तिच्या शहाणपणाचा उपयोग काय?

१९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट भाजलेल्या खिम्याच्या वड्या खाऊन सातशेंहून अधिक लोक आजारी पडले व चार मुले दगावली. तो जंतु साल्मोनेला नव्हता, एशेरिकिया कुळातला होता. परंतु त्या मुलांच्या मरणाने सरकार जागे झाले. १९९४ साली खिम्यात तो विशिष्ट जंतु सापडल्यास तो माल विकण्यास अयोग्य ठरला, व १९९६ पासून निरनिराळ्या प्रांतांतील प्रयोगशाळा जंतूंचे ठसे परस्परांशी ताडून पाहू लागल्या. पण हे ठसे ढोबळ होते. दोन निरनिराळ्या कारखान्यांतील जंतूंचा ठसा एकसारखा दिसे, आणि अपराधी निसटे.

ही उणीव जीनोमच्या वाचनाने भरून निघाली. ते वाचन म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांस एका घरच्या दाखल्याने सांगतो. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथांच्या पोथ्या हाताने उतरीत. उतरणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुके. ती पोथी पुढे ज्याने उतरली त्याच्या पोथीतही ते चुकलेले अक्षर तसेच उतरे, शिवाय त्याची स्वतःची एखादी चूक पडे. नाथमहाराजांनी इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा असे पाठभेद त्यांच्यापुढे होते. ज्या दोन पोथ्यांत त्याच त्या चुका, त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या, हे सहज ताडता येते. जंतूचेही असेच आहे. त्याच्या पेशीत एक लांब सूत्र असते, त्यावर चार रसायनांच्या रूपाने चार अक्षरांत त्याची सारी वंशपरंपरा लिहिलेली असते. हाच जीनोम. साल्मोनेलाच्या लेखात सुमारे ४८ लाख अक्षरे असतात. जंतु दुभंगून एकाचे दोन होताना हा लेख उतरला जातो, आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. दोन जंतूंच्या ४८ लाख अक्षरांत चारदोनच अक्षरांचा फरक निघाला, तर ते अगदी जवळचे भाऊबंद. शेकडो अक्षरांचा निघाला, तर त्यांचा उगम वेगळा.

रोग्याच्या मलातून किंवा मांसाच्या तुकड्यातून जंतु वाढवितात, त्याचे सूत्र काढून त्याचे बारीक तुकडे करतात, यंत्र ते तुकडे वाचते, आणि संगणक ते जुळवून अखंड लेख तयार करतो. साल्मोनेलाच्या दोन महत्त्वाच्या प्रकारांचे संपूर्ण लेख प्रथम २००१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या एकेका वाचनास मोठमोठ्या संशोधकसंघांचे श्रम लागले. आज तेच काम एका प्रयोगशाळेत थोड्या दिवसांत होते. २०१९ पासून अमेरिकेतील जंतुतपासणीच्या जाळ्याची हीच मुख्य पद्धति झाली आहे. कोणते औषध ह्या जंतूवर चालणार नाही, ह्याचीही सूचना त्याच लेखात पुष्कळदा मिळते.

ह्या विद्येचे बळ दक्षिण आफ्रिकेत दिसून आले. २०१७ साली तेथील इस्पितळांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूने आजारी पडलेली नवजात बालके येऊ लागली. हा जंतु साल्मोनेलाचा नातलग नव्हे. पण त्याचेही नाव एका रक्षणकर्त्याचेच, शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा वापर रूढ करणाऱ्या लिस्टर साहेबांचे आहे. थंड कपाटातही तो वाढतो, आणि गर्भिणीच्या उदरातील बालकाचा घात करतो. रोग्यांच्या जंतूंचे लेख वाचून पाहता दहांतील नऊ एकाच वंशाचे निघाले. म्हणजे देशभर विखुरलेल्या ह्या रोग्यांचे खाणे कोठेतरी एका ठिकाणी मिळत होते. ते ठिकाण कोणते? जानेवारी २०१८ मध्ये सोवेटो येथील एका बालवाडीतील नऊ मुले जुलाबाने आजारी होऊन इस्पितळात आली. बालवाडीच्या थंड कपाटात पोलोनी नावाचा, शिजवून तयार केलेला मांसाचा लांबट गोळा सापडला. तो चकत्या कापून पावात घालून तसाच खातात. त्याचा धागा धरून अधिकारी पोलोक्वाने येथील कारखान्यात गेले. तेथील पोलोनीत व कारखान्याच्या आवारात जो जंतु सापडला, त्याचा लेख रोग्यांतील जंतूच्या लेखाशी जुळला. ४ मार्च २०१८ रोजी सरकारने हे जाहीर करून माल परत मागविला, आणि त्यानंतर साथ ओसरली. तोवर एक हजाराहून अधिक लोक आजारी पडले होते व दोनशेंहून अधिक मेले होते. आजाऱ्यांत पाचांतील दोन नवजात अर्भके होती.

सॅल्मन ज्या कृषिखात्यात बसत, त्या खात्याचे तपासनीस आजही कसाईखान्यांतून धडे पाहतात व शिक्का मारतात. त्याशिवाय मांसाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवितात, आणि त्यांत सापडलेल्या जंतूंचे लेख सर्वांस पाहावयास मिळतील अशा सामाईक भांडारात ठेवतात. तेथे साल्मोनेलाचे असे लाखो लेख जमले आहेत. वाचनाने जंतु मरत नाही. तो मरतो विस्तवाने. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेंटिग्रेड तापले म्हणजे तो उरत नाही, आणि कच्च्या मांसाची सुरी, पाट व हात साबणाने धुतले म्हणजे तो ताटात येत नाही. अमेरिकेत अजूनही ह्या जंतूने वर्षाकाठी तेरा लाखांच्या आसपास लोक आजारी पडतात असा अंदाज आहे. कच्च्या कोंबडीत त्याचे ठराविक प्रकार ठराविक प्रमाणाहून अधिक आढळल्यास तो माल विकूच नये, असा नियम त्याच खात्याने २०२४ साली सुचविला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला.